अपंगत्वाचे देशोदेशीचे आकडे शेजारी शेजारी ठेवण्याआधी काय काय तपासायचं

भारत 2.2 टक्के, अमेरिका साधारण 13, ऑस्ट्रेलिया 21.4, युरोपियन युनियन 27. हे चार आकडे एका तक्त्यात टाकले की कुणालाही वाटेल, आपल्याकडे अपंगत्व नावापुरतं आहे आणि युरोपात दर चौथा माणूस अपंग. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, तरी असे तक्ते थीसिसमध्ये, पेपरातल्या लेखांत, संस्थांच्या प्रपोजलमध्ये सर्रास दिसतात. मी सर्व्हेच्या डेटावर काम करते आणि पब्लिक हेल्थच्या, एमएसडब्ल्यूच्या मुलामुलींना शिकवतेही, त्यामुळे हा तक्ता दरवर्षी समोर येतो. म्हणून एकदा नीट सगळं लिहून काढतेय, तुलना करायचीच असेल तर कशी करायची ते.

रिपोर्ट नंतर वाचा, आधी प्रश्नावली शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं, यावरच जास्त लिहिणार आहे. टक्केवारी जिथून आली त्या सर्व्हेचा मूळ फॉर्म मिळवा. तो बहुतेक वेळा रिपोर्टच्या शेवटच्या परिशिष्टात असतो, नाहीतर वर्ल्ड बँकेच्या मायक्रोडेटा लायब्ररीत किंवा त्या देशाच्या सांख्यिकी खात्याच्या साइटवर. आपल्या एनएसएसचं (सरकारचा राष्ट्रीय नमुना सर्व्हे) शेड्यूल म्हणजे प्रश्नावली आणि युनिट लेव्हल डेटा म्हणजे एकेका घराच्या, माणसाच्या मूळ नोंदी दोन्ही सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवरून मिळतं. फॉर्म मिळाला की प्रश्न जसाच्या तसा, शब्द न बदलता उतरवून घ्या, आणि सोबत सर्व्हे करणाऱ्यांसाठी जी सूचनापुस्तिका असते तीही डाउनलोड करा कारण अर्धी व्याख्या त्यात दडलेली असते.

प्रश्नाने एवढा काय फरक पडतो? फील्डवर गेलेल्या कुणालाही विचारा. दारात कुटुंबप्रमुख उभे आहेत, त्यांना विचारलं "घरात कुणी अपंग आहे का हो?" की ते पटकन "नाही नाही, सगळे व्यवस्थित" म्हणतात. आतल्या खोलीत त्यांची आई बसलेली असते, गुडघे गेलेत, तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून तिला कित्येक महिने झालेत. घरच्यांच्या लेखी ती अपंग नाही, तिचं वय झालंय. आता त्याच घरात वेगळं विचारा, "आजी, तुम्हाला चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का? काहीच नाही, थोडा, खूप, की अजिबात जमत नाही?" आजी स्वतः सांगतात, "पायऱ्या? अगं अजिबात जमत नाही बाई आता." घर तेच, आजी त्याच, पण पहिल्या फॉर्मवर त्यांची नोंद शून्य आणि दुसऱ्यावर सगळ्यात तीव्र गटात. आणि घरात मानसिक आजार असेल तर पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळणं आणखीच अवघड, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं असतं, कोण सांगणार?

आपल्या 2011 च्या जनगणनेत प्रश्न पहिल्या जातीचा होता, ही व्यक्ती शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या अपंग आहे का, हो असेल तर आठ प्रकारांपैकी कुठला. त्यातून 2 कोटी 68 लाख लोक, म्हणजे 2.21 टक्के आले. महाराष्ट्रात साधारण 29 लाख 63 हजार. 2018 च्या एनएसएसच्या 76 व्या फेरीतही 2.2 टक्केच. पण 2002-04 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने जो वर्ल्ड हेल्थ सर्व्हे केला त्यात प्रौढांना रोजची कामं करताना किती त्रास होतो हे विचारलं होतं, आणि 2011 च्या जागतिक अपंगत्व अहवालात त्यावरून भारताचा आकडा निघाला 24.9 टक्के. त्याच तक्त्यात शेजारी 2001 च्या जनगणनेचा 2.1 टक्के. देश एकच, काळही जवळपास तोच, आणि फरक दहापटीहून जास्त. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. बांगलादेशात 2011 च्या जनगणनेत 1.4 टक्के आणि आदल्याच वर्षीच्या घरखर्चाच्या सर्व्हेत कामातल्या अडचणी विचारल्या तर 9 टक्क्यांच्या वर.

प्रश्नांची घराणी ओळखा

दहापाच देशांचे फॉर्म बघितले की लक्षात येतं की पद्धती मोजक्याच आहेत. एक थेट "अपंग आहात का" वाली, जनगणनांमधली जुनी पद्धत. दुसरी वैद्यकीय, म्हणजे डॉक्टर तपासून किंवा आजारांच्या यादीवरून ठरवतात. चीनच्या 2006 च्या राष्ट्रीय नमुना सर्व्हेत अशी तपासणी होती, आकडा आला 6.34 टक्के, सुमारे 8 कोटी 30 लाख लोक. आपला 2016 चा कायदाही 21 प्रकारांच्या यादीवर आणि 40 टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर चालतो, पण तो हक्क आणि सवलती कुणाला द्यायच्या यासाठी आहे, लोकसंख्येत प्रमाण किती हे मोजायला तो वापरू नका. एनएसएसच्या त्याच 76 व्या फेरीत दिव्यांग म्हणून नोंदल्या गेलेल्यांपैकी फक्त 28.8 टक्के लोकांकडे प्रमाणपत्र होतं. म्हणजे प्रमाणपत्रं मोजून कुणी "राज्यात एवढेच दिव्यांग" म्हणत असेल तर तिथेच थांबवा त्यांना.

तिसरी पद्धत युरोपची, तिला गॅली म्हणतात. त्यात एकच प्रश्न, आरोग्याच्या समस्येमुळे किमान गेले 6 महिने, लोक सहसा करतात त्या कामांत तुमच्यावर मर्यादा आलीय का, तर खूप, थोडी, की नाही. वर जो 27 टक्के आकडा दिला (2022 चा, 16 वर्षांच्या वरचे, सुमारे 10 कोटी 10 लाख लोक) त्यात "खूप" आणि "थोडी" दोन्ही मिळवलेत. नुसता "खूप" वाला गट घेतला की आकडा एकदम खाली येतो. आणि हा प्रश्न माणूस स्वतःला कुणाशी ताडून बघतो त्यावर फार अवलंबून आहे. फिनलंड, डेन्मार्कसारख्या आरोग्यसेवा उत्तम असलेल्या देशांचे आकडे बल्गेरियाच्या बरेच वर असतात, त्याचा अर्थ फिनलंडमधले लोक जास्त आजारी असा काढू नका. जिथे मदत मिळते, जिथे त्रास सांगायला लाज वाटत नाही, तिथे लोक जास्त सांगतात.

चौथी पद्धत आज सगळ्यात जास्त देशांत पोचलेली, वॉशिंग्टन ग्रुपची. 2001 साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली हा गट बनला, देशोदेशीच्या सांख्यिकी खात्यांचे लोक त्यात आहेत. त्यांचा शॉर्ट सेट म्हणजे सहा प्रश्न: बघणं (चष्मा लावूनसुद्धा), ऐकणं (मशीन लावूनसुद्धा), चालणं किंवा पायऱ्या चढणं, लक्षात ठेवणं किंवा लक्ष लागणं, स्वतःचं आंघोळ-कपडे वगैरे, आणि आपल्या भाषेत बोललेलं दुसऱ्याला समजणं आणि दुसऱ्याचं आपल्याला समजणं. उत्तरं चार, वर आजींना विचारली तीच. अपंग हा शब्द कुठेही उच्चारायचा नाही, हीच त्यातली खुबी. एकातरी प्रश्नाला "खूप त्रास" किंवा "जमत नाही" आलं की ती व्यक्ती अपंगत्व असलेली धरायची. दक्षिण आफ्रिकेच्या 2011 च्या जनगणनेत हे प्रश्न होते. डीएचएस, म्हणजे आपल्या एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे) जातीचे सर्व्हे जगभर जे करतात, त्यांनी 2016 पासून यावर बेतलेलं ऐच्छिक मॉड्यूल दिलंय.

पण याच्या त्रुटीही माहीत असू द्या. नैराश्य, चिंता यांबद्दल शॉर्ट सेटमध्ये एकही प्रश्न नाही, त्यासाठी त्यांचेच मोठे संच आहेत. हे प्रश्न 5 वर्षांखालच्या मुलांना लागू होत नाहीत, आणि मोठ्या मुलांतही बरंच काही निसटतं, म्हणून युनिसेफबरोबर 2016 मध्ये वेगळं चाइल्ड फंक्शनिंग मॉड्यूल आणलं, 2 ते 4 आणि 5 ते 17 वयासाठी. मुलांची तुलना करताना एका देशात शॉर्ट सेट आणि दुसऱ्यात हे मॉड्यूल असेल तर हात लावू नका त्या तुलनेला.

याखेरीज म्हाताऱ्यांच्या अभ्यासांत रोजच्या कामांची यादी असते, अंथरुणातून उठणं, आंघोळ, जेवणं, संडासला जाणं. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने चालवलेला लासी हा सर्व्हे 45 च्या वरच्यांचा आहे आणि तो मुद्दाम अमेरिकेच्या एचआरएस, युरोपच्या शेअर या सर्व्हेंशी जुळता बनवलाय, त्यामुळे वयस्कांची तुलना करायची असेल तर तिथे जा, काम निम्मं सोपं होतं.

रेषा कुठे मारली ते बघा

हे कळलं नाही तर पुढचं सगळं वाया. प्रश्न तोच असला तरी कुठल्या उत्तरापासून अपंगत्व धरायचं ही रेषा हलवली की आकडा कुठल्या कुठे जातो. झांबियातलं उदाहरण मी नेहमी देते. तिथे 2000 च्या जनगणनेत 2.7 टक्के आले होते. 2006 मध्ये वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न विचारून सर्व्हे झाला, त्यात "थोडा त्रास" पासून धरलं तर 14.5, "खूप त्रास" पासून धरलं तर 8.5, आणि फक्त "जमत नाही" धरलं तर 2.4 टक्के. वर्ल्ड हेल्थ सर्व्हेचंही तसंच, 0 ते 100 गुणांच्या पट्टीवर रेषा 40 ला मारली तर 15.6 टक्के प्रौढ आणि 50 ला मारली तर 2.2 टक्के. डेटा एकच आहे, एकही माणूस नव्याने विचारलेला नाही.

अमेरिकेत यावरूनच मोठं रान पेटलं होतं. तिथल्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेत 2008 पासून सहा हो/नाही प्रश्न आहेत, "गंभीर अडचण आहे का" अशा धाटणीचे. 2023 मध्ये सेन्सस ब्युरोने ते काढून वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न आणायचं ठरवलं, आणि चाचणीत दिसलं की "खूप त्रास" वाली रेषा घेतली तर प्रमाण 13.9 वरून 8.1 टक्क्यांवर येतं, "थोडा त्रास" धरला तर मात्र 31.7 वर जातं. अपंग लोकांच्या संघटना रस्त्यावर आल्या नसतील पण हरकतींचा पाऊस पडला, त्यांचं म्हणणं सरळ होतं, आकडा घटला की निधी घटणार, घरं घटणार, आम्हीच दिसेनासे होणार. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्युरोने तो बदल मागे घेतला. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं, जगाशी तुलना जमावी म्हणून आपल्याच देशातल्या लाखो लोकांना मोजणीतून गाळायचं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. तुलनेसाठी हवं तर दोन्ही रेषांचे आकडे छापावेत.

म्हणून तुमच्या हातात मूळ डेटा असेल तर एकच आकडा काढू नका, तिन्ही रेषांचे काढा आणि तिन्ही द्या.

एक्सेलमध्ये काय काय लिहायचं

प्रत्येक देशाला एक ओळ द्या. रकाने: प्रश्नाचे शब्द, उत्तराचे पर्याय, रेषा, वयोगट, कालावधीची अट, उत्तर कुणी दिलं, कोण वगळलं, सर्व्हेचं वर्ष. हे भरताना कंटाळा येतो पण अर्ध्याहून जास्त तुलना इथेच गळून पडतात आणि ते चांगलंच आहे.

वयोगट बघा म्हणजे सुरुवातीच्या चार आकड्यांचंच उदाहरण घेऊ, भारताचा सगळ्या वयाचा, युरोपचा 16 च्या वरचा. कॅनडाचा 2022 चा 27 टक्के हा 15 च्या वरच्यांचा. कालावधी म्हणाल तर युरोप, ऑस्ट्रेलिया 6 महिने म्हणतात, ब्रिटनमध्ये कायद्याप्रमाणे 12 महिने, वॉशिंग्टन ग्रुप कालावधी विचारतच नाही, म्हणजे काल पाय मुरगळलेला माणूसही त्यात येऊ शकतो.

उत्तर कुणी दिलं हे फार लोक विसरतात. घरातली एक व्यक्ती सगळ्यांच्या वतीने सांगत असेल तर दिसणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाय नसणं, अंधत्व, बऱ्यापैकी येतात. विसरभोळेपणा, ऐकू कमी येणं, मनाचे आजार गळतात. आणि वगळलेले कोण? घरोघरच्या सर्व्हेत वृद्धाश्रम, मनोरुग्णालयं, वसतिगृहं येत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हेत वृद्धाश्रमांसारख्या संस्थांतले लोकही धरतात, तर अमेरिकेचा छापला जाणारा दर संस्थांबाहेरच्या लोकसंख्येचा असतो. म्हाताऱ्यांमध्ये यानेच मोठी तफावत पडते.

सूचनापुस्तिका का बघायची याचं एक आपल्याच घरचं उदाहरण. 2001 च्या जनगणनेत 2 कोटी 19 लाख आणि 2002 च्या एनएसएसमध्ये 1 कोटी 85 लाख, वरवर बघता दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात असं वाटेल. पण आत शिरा. जनगणनेत दृष्टिदोष असलेले सुमारे 1 कोटी 6 लाख, एनएसएसमध्ये अंध आणि अंधुक दृष्टीचे मिळून सुमारे 28 लाख. हालचालीच्या अपंगत्वात उलटं, जनगणनेत 61 लाख तर एनएसएसमध्ये 1 कोटी 6 लाख. कारण जनगणनेच्या सूचनेत एका डोळ्याने दिसत नसलं तरी त्या माणसाला दृष्टिदोषात धरायचं होतं, एनएसएसची व्याख्या वेगळी. 2011 मध्ये जनगणनेतला दृष्टिदोषाचा आकडाही निम्म्यावर, 50 लाखांवर आला. दहा वर्षांत अर्ध्या लोकांना दिसायला लागलं असं कुणी म्हणणार नाही, मोजायची पद्धत बदलली. तेव्हा बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, प्रकारवार फोड उघडून बघा.

वयाचा फरक काढून टाका

प्रश्न आणि रेषा जुळल्या, आता वय. समजा दोन देशांत 60 च्या खाली 5 टक्के आणि 60 च्या वर 30 टक्के लोकांना अपंगत्व आहे, दोन्हीकडे अगदी सारखं. पहिल्या देशात 60 च्या वरचे 10 टक्के, दुसऱ्यात 28. पहिल्याचा एकूण दर येतो 7.5 आणि दुसऱ्याचा 12. प्रत्यक्षात कणभर फरक नाही, फक्त दुसरीकडे म्हातारे जास्त. म्हणून एकच वयरचना दोघांना लावून दर काढा, किंवा सरळ वयोगटवार तक्ता द्या, वाचणाऱ्याला तोच जास्त कळतो. हेच महाराष्ट्र आणि बिहार अशी राज्यांची तुलना करतानाही लागू आहे.

सर्व्हेचे वेट्स (नमुन्यातला एकेक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायचा तो आकडा) लावायला विसरू नका आणि प्रत्येक दरासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, द्या. दर 2-3 टक्के असताना एका राज्यातल्या, एका वयोगटातल्या बायका असं फोडत गेलात की हातात पंचवीस-तीस माणसं उरतात, त्यावर वाक्य लिहू नका.

एवढं करूनही "थोडा" आणि "खूप" यांच्यातली सीमा प्रत्येक समाजात सारखी नसते. डोंगरातल्या गावात दोन किलोमीटर चालणं म्हणजे काहीच नाही, शहरात तोच त्रास. वर्ल्ड हेल्थ सर्व्हेत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्याच नंतरच्या सेज या सर्व्हेत (भारतातल्या सहा राज्यांत झाला, त्यात महाराष्ट्र होता) यासाठी छोट्या काल्पनिक माणसांच्या गोष्टी सांगून "याला किती त्रास आहे असं तुम्हाला वाटतं" हेही विचारलं होतं, म्हणजे उत्तर देणाऱ्याची पट्टी कळते. तुमच्या डेटात असं काही असेल तर वापरा, फार थोडे लोक वापरतात.

मग तुलना करायची तरी कशाची?

माझं मत स्पष्ट आहे. कुठल्या देशात किती टक्के हा प्रश्न सोडा आणि प्रत्येक देशाच्या आत, अपंगत्व असलेल्या आणि नसलेल्या लोकांत अंतर किती आहे ते मोजा. शाळेत जाणारी मुलं, नोकरीत असलेले, दवाखान्यात जाऊन उपचार मिळालेले, घरात संडास असलेले. वॉशिंग्टन ग्रुपचे प्रश्न मुळात याचसाठी बनवले गेले आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम 31 हेच मागतं. समजा एका देशात 12 ते 14 वयाच्या इतर मुलांपैकी 90 टक्के शाळेत आहेत आणि अपंगत्व असलेल्यांपैकी 60, दुसऱ्यात 70 आणि 62, तर यावर धोरणाचं बोलता येतं. इथेही सावध राहा, रेषा जितकी कडक तितकं अंतर मोठं दिसतं कारण आत फक्त तीव्र अपंगत्वाचे लोक उरतात. म्हणून दोन्ही देशांत रेषा एकच हवी. फोर्डहॅम विद्यापीठाचा डिसॅबिलिटी डेटा इनिशिएटिव्ह हेच काम बऱ्याच देशांच्या सर्व्हेंवर करतो, कुठल्या देशाच्या कुठल्या सर्व्हेत कामातल्या अडचणींचे प्रश्न आहेत याची त्यांची यादी सुरुवातीला चाळाच, महिनाभराची शोधाशोध वाचते.

रिपोर्टमध्ये मग वाक्य कसं लिहायचं? "भारतात 2.2 टक्के लोक अपंग आहेत" असं नाही. "एनएसएसच्या 2018 च्या फेरीत, घरातल्या माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यावरून, 2016 च्या कायद्याला धरून केलेल्या व्याख्येप्रमाणे 2.2 टक्के" असं. लांबतं, लांबू द्या. आणि जगाचा 16 टक्के, 130 कोटी हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा आकडा वापरताना तो मॉडेलवरून काढलेला अंदाज आहे हे लिहा, कुठल्याही एका देशाचा दर त्याच्याशी ताडून "आपण जगापेक्षा बरे" म्हणू नका.

आपल्याकडच्यांसाठी शेवटचं. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीत पहिल्यांदा घराच्या फॉर्मवर अपंगत्व विचारलं होतं, सहाव्यात ते प्रश्न काढून टाकले, त्यामुळे पुढचा जिल्हावार डेटा तिथून मिळणार नाही. सगळ्या वयांसाठी महाराष्ट्राचं काही करायचं असेल तर आत्ता एनएसएस 76 चा युनिट डेटा घ्या, 45 च्या वरच्यांसाठी लासी. आणि तुमची संस्था स्वतः बेसलाइन सर्व्हे करत असेल तर त्यात वॉशिंग्टन ग्रुपचे सहा प्रश्न टाकाच, माणशी दोनेक मिनिटं लागतात. प्रश्न ज्याचे त्याला विचारा, चारही पर्याय मोठ्याने वाचून दाखवा, आणि सर्व्हे करणाऱ्यांना ट्रेनिंगमध्ये बजावून सांगा की "अपंगांसाठी काही प्रश्न विचारायचेत" अशी प्रस्तावना अजिबात करायची नाही.